ओगलची अर्ली वॉर्निंग सिस्टीम: डार्क मॅटर मागवलं, पार्सल रिकामं आलं, तरी साडेचार स्टार

गेल्या वर्षी जानेवारीत भोरच्या बाजूला एका आकाशदर्शन कॅम्पला गेले होते. नाव घेत नाही, माणसं चांगली होती आणि पिठलं एक नंबर होतं. माणशी १८०० रुपये. रात्री अकराच्या सुमारास तिथल्या दादानं हिरवा लेझर आकाशात गरगर फिरवला आणि सांगितलं की डार्क मॅटर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, ब्लॅक होलं, आपल्या आकाशगंगेभोवती सगळीकडे पसरलेत, काळी आहेत म्हणून दिसत नाहीत, झालं. मी विचारलं, हे कुणी मोजलंय का हो? तर म्हणाला, मॅडम, जे दिसतच नाही ते मोजणार कसं.

आता मी सांगलीत अकाउंट्सची कामं करते, जीएसटी, टॅक्स ऑडिट वगैरे, आणि "दिसत नाही म्हणून मोजता येत नाही" हे वाक्य मी क्लायंटच्या तोंडून आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. स्टॉक दिसत नसला तरी लाईटबिल दिसतं, भाड्याच्या टेम्पोची पावती दिसते, त्यावरून काढतोच की आपण. म्हणून घरी येऊन शोधायला बसले आणि शोधता शोधता ओगलच्या या सर्व्हिसवर पोचले. आता दीड वर्ष झालं वापरतेय, म्हटलं एकदा नीट रिव्ह्यू लिहावा, कारण मराठीत यावर कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

तर सर्व्हिस अशी. ओगल हा पोलंडच्या वॉर्सा विद्यापीठाचा प्रकल्प, आंजेई उदाल्स्की हे त्याचे प्रमुख. दुर्बीण चिलीत, लास कॅम्पानासच्या डोंगरावर, १.३ मीटरची. आत्ताचा कॅमेरा ३२ चिपांचा आहे, एका फोटोत १.४ चौरस अंश आकाश, म्हणजे पौर्णिमेचे सहा-सात चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढा तुकडा. हा कॅमेरा रात्रीमागून रात्र त्याच त्याच कोट्यवधी ताऱ्यांचे फोटो काढतो आणि कुठल्याही ताऱ्याचा उजेड विशिष्ट पद्धतीनं वाढायला लागला की तो तारा एका पब्लिक यादीत टाकतात. ती यादी म्हणजे अर्ली वॉर्निंग सिस्टीम. १९९४ पासून आहे. लॉगिन नाही, ओटीपी नाही, "प्रीमियम घ्या" नाही, कुकीची पाटी नाही. जगातला कुणीही, मी सुद्धा, आकडे उतरवून घेऊ शकतो.

दिसायला साईट अशी आहे की पहिल्यांदा उघडली तेव्हा मला वाटलं काहीतरी बिघडलंय. १९९० च्या दशकातलं पान जसंच्या तसं ठेवलंय. एक लांबलचक टेबल, एकेका ओळीत एकेक इव्हेंट, नाव असं की आधी ओगल, मग वर्ष, मग बीएलजी, मग नंबर. बीएलजी म्हणजे बल्ज, आकाशगंगेच्या मधला फुगवटा, धनू राशीकडचा. पुढे टी-मॅक्स, टाऊ, यू-मिन, ए-मॅक्स असे रकाने, आणि त्यांचा अर्थ काय हे समजावून सांगायची कुणाची इच्छा दिसत नाही. मोबाईलवर तर विचारूच नका, टेबल अर्धं बाहेर जातं. पण एका ओळीवर क्लिक केलं की त्या ताऱ्याचा छोटा फोटो येतो, मधे खूण केलेली, आणि शेजारी आलेख. तो आलेख बघितला आणि मी जी अडकले ती अडकलेच.

आलेख समजायला आधी मूळ भानगड काय ते सांगावं लागेल. आकाशगंगेच्या कडेचे तारे आणि वायू ज्या वेगानं फिरतात, त्या वेगाला धरून ठेवायला जेवढं वजन लागेल तेवढं वजन दिसणाऱ्या ताऱ्या-वायूत नाहीच. आमच्या भाषेत, खात्यावर शिल्लक दिसत नाही पण चेक मात्र वटतायत. म्हणजे कुठंतरी दुसरं खातं आहे. त्या दुसऱ्या खात्याला डार्क मॅटर किंवा कृष्णपदार्थ म्हणतात आणि ते आकाशगंगेभोवती मोठ्या गोल आवरणासारखं पसरलंय असं मानतात, त्याला हेलो म्हणतात. आता त्या खात्यात नक्की आहे काय? एक शक्यता अशी की कुठले तरी अजून न सापडलेले सूक्ष्म कण. दुसरी शक्यता अशी की साध्यासुध्या मोठ्या वस्तूच, विझलेले तारे, न पेटलेले तारे, ग्रहाएवढे गोळे, ब्लॅक होल. कॅम्पवाला दादा या दुसऱ्या पार्टीतला. आणि हे मी कबूल करते की ती पार्टी काही येडी नव्हती, मोठमोठ्या लोकांनी त्यावर आयुष्य घातलंय.

तर १९८६ मध्ये प्रिन्स्टनमधले पोलिश शास्त्रज्ञ बोहदान पाचिन्स्की यांनी एक हिशेब मांडला. हेलोतली अशी काळी वस्तू जर पृथ्वी आणि लांबचा एखादा तारा यांच्या बरोबर मधून गेली तर तिच्या गुरुत्वाकर्षणानं त्या ताऱ्याचा उजेड वाकतो, तिच्या दोन्ही बाजूंनी वळून आपल्याकडे येतो, म्हणजे ती वस्तू भिंगासारखं काम करते. ताऱ्याच्या दोन प्रतिमा होतात पण त्या एकमेकींना इतक्या चिकटून असतात की आपल्याला वेगळ्या दिसत नाहीत, दिसतं एवढंच की तारा काही दिवस, काही आठवडे उजळला आणि परत होता तसा झाला. यालाच मायक्रोलेन्सिंग म्हणतात. हे आइन्स्टाइननं १९३६ मध्येच लिहून ठेवलं होतं, मांडल नावाच्या एका इंजिनिअरनं फारच पिच्छा पुरवला म्हणून, आणि वर असंही लिहिलं की हे प्रत्यक्ष दिसण्याची फारशी आशा नाही. पाचिन्स्कींचा हिशेब सांगत होता की आशा आहे, फक्त चिकाटी पाहिजे. पूर्ण हेलो जर अशा वस्तूंचा असेल तर मोठा मॅजेलॅनचा मेघ नावाच्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतल्या साधारण २० लाख ताऱ्यांमागे कुठल्याही क्षणी एक तारा असा उजळलेला असेल. २० लाखात एक! म्हणजे सांगली-मिरज-कोल्हापूर सगळं मिळून एका घरातला एक बल्ब, आणि तो सुद्धा ओळखायचा कसा तर बाकीचे बल्ब आपापल्या कारणानं लुकलुकत असताना.

ओळखायची खूण मात्र भारी आहे. भिंगानं उजळलेला तारा चढतो तसाच उतरतो, आलेख आरशात धरल्यासारखा दोन्हीकडून सारखा. लाल फिल्टरमधून बघा नाहीतर निळ्या, वाढ तेवढीच, कारण गुरुत्वाकर्षणाला रंगाचं काही पडलेलं नाही. आणि एका ताऱ्याच्या बाबतीत हे एकदाच होतं. जो तारा स्वतःच्या पोटदुखीनं उजळतो तो झपकन चढतो, रेंगाळत उतरतो, रंग बदलतो आणि काही वर्षांनी परत तेच नाटक करतो.

आता माझा स्वतःचा अनुभव. २०१९ सालचा एक साधासा बल्जचा इव्हेंट निवडला, फार झगमगीत नाही. त्याची आकड्यांची फाईल उतरवली. नुसत्या पाच रकान्यांची टेक्स्ट फाईल, रकान्यांना नावं सुद्धा नाहीत: वेळ, ताऱ्याची प्रत म्हणजे तेजाचं माप, त्या प्रतीतली चूक किती असू शकते ते, हवा किती स्थिर होती ते, आणि पार्श्वभूमीचा उजेड. एक्सेलमध्ये टाकली तर वेळेच्या रकान्यात २४ लाखाच्या पुढचे आकडे, कारण खगोलवाले तारीख लिहीत नाहीत, ज्युलियन दिवस मोजतात. अर्धा तास डोकं खाजवल्यावर सापडलं की त्यातून २४१५०१८.५ वजा केले की एक्सेलची नेहमीची तारीख मिळते. हा आकडा मी कॅल्क्युलेटरच्या मागं चिकटवून ठेवलाय, कुणाला लागला तर घ्या.

मग ग्राफ काढला आणि काय, खड्डा! तारा उजळायच्या ऐवजी विहिरीत पडल्यासारखा. भाचा शेजारी बसून मोबाईलवर खेळत होता, त्यानं न बघताच सांगितलं, "आत्या, प्रत जेवढी कमी तेवढा तारा जास्त तेजस्वी असतो ना, अक्ष उलटा कर की." आठवीतलं पोरगं. अक्ष उलटा केला आणि समोर तो डोंगर आला, दोन्ही उतार सारखे, वरती गोलसर, मधे मधे ठिपके गायब कारण चिलीत तेव्हा ढग असणार किंवा चंद्र फार जवळ असणार. ते ठिपके नुसते बघितले की काही वाटत नाही, पण एकेक ठिपका म्हणजे एक रात्र, त्या रात्री त्या डोंगरावर कुणीतरी जागं होतं आणि त्या फोटोतल्या लाखो ताऱ्यांबरोबर या पण ताऱ्याची नोंद झाली. रोजमेळ लिहिणाऱ्याला याची किंमत कळते.

त्यावर सूत्र बसवायला फार गणित लागत नाही. तारा बरोबर भिंगाच्या मागं आला तर उजेडाचं एक कडं दिसेल, ती आइन्स्टाइन रिंग. आकाशात भिंग आणि तारा यांच्यातलं अंतर तिच्या त्रिज्येच्या मापात मोजायचं, त्याला यू म्हणतात. यूचा वर्ग अधिक दोन, भागिले यू गुणिले वर्गमुळात यूचा वर्ग अधिक चार, एवढंच. यू जर बरोबर एक असेल तर उजेड १.३४ पट, आणि ०.१ असेल तर साधारण १० पट. एक्सेलच्या सॉल्व्हरला चार आकडे शोधायला सांगितले, शिखर कधी, किती जवळून गेलं, किती वेळ लागला, आणि शेजारच्या ताऱ्याचा उजेड किती मिसळलाय. पहिल्या दोन वेळा सॉल्व्हरनं उत्तर म्हणून कचरा दिला, तिसऱ्या वेळी साईटवरच्या टाऊशी माझा आकडा जुळला, अगदी थोडा फरक. रात्रीचे पावणेदोन वाजले होते, ट्रायल बॅलन्स पहिल्या फटक्यात टॅली झाल्यावर होतो तसला आनंद.

पण इथंच या धंद्यातली मोठी गोची पण कळली. तो टाऊ, म्हणजे भिंगाला आइन्स्टाइन रिंगच्या त्रिज्येएवढं अंतर जायला लागणारा वेळ, यात वस्तूचं वजन, तिचं अंतर आणि तिचा वेग तिन्ही एकत्र कालवलेलं असतं. बिलावर आयटम तीन आणि किंमत फक्त टोटलची. त्यामुळं एका इव्हेंटवरून भिंग काय होतं हे सांगता येत नाही, सूर्यासारखा हलक्या वेगाचा तारा पण चालतो आणि पळणारं ब्लॅक होल पण चालतं. ढोबळ मानानं मॅजेलॅनच्या मेघाकडे बघताना गुरूएवढ्या वस्तूला दोन-तीन दिवस, सूर्याएवढीला दोन-अडीच महिने, आणि १०० सूर्यांएवढ्या ब्लॅक होलला दोनेक वर्षं लागतात. वजन शंभरपट झालं की वेळ दहापट. म्हणून ढिगानं इव्हेंट पाहिजेत, आणि वर्षानुवर्षं पाहिजेत, दोन सीझन बघून दुकान बंद करणाऱ्याचं हे काम नाही.

दुकानं तशी तीन उघडली होती एकदमच, म्हणजे १९९० च्या आसपास. ऑस्ट्रेलियात माउंट स्ट्रॉम्लोवर माचो प्रकल्प, चार्ल्स अल्कॉक यांचा, ५० इंची जुनी दुर्बीण घेऊन. चिलीतच फ्रेंचांचा इरोस. आणि हा ओगल. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये माचो आणि इरोस दोघांचे पहिले इव्हेंट नेचर या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात छापून आले, आणि त्याच वर्षी ओगलनं बल्जकडचा पहिला पकडला. बल्जकडे का बघायचं असं मलाही वाटलं, कारण तिथं डार्क मॅटर शोधायचं नाहीये, तिथं साधे तारेच साध्या ताऱ्यांपुढं येतात. पण तेच कारण आहे, नवीन वजनकाटा आणला की आधी किलोचं माप ठेवून बघतो ना आपण. तिथं इव्हेंट दिसलेच नसते तर पद्धतच खोटी पडली असती.

मग सुरू झाला दोन ऑडिटरांचा वाद, आणि मला या सगळ्यात सगळ्यात जास्त मजा इथं आली. माचोनं १ कोटी १९ लाख तारे ५.७ वर्षं बघून २००० साली सांगितलं की मेघाकडे १३ ते १७ इव्हेंट सापडले, ओळखीच्या ताऱ्यांमुळं फार तर दोन ते चार व्हायला हवे होते, म्हणजे हेलोचा साधारण २० टक्के भाग सूर्याच्या निम्म्या वजनाच्या काळ्या वस्तूंचा असावा. इरोसनं फक्त तेजस्वी, निवडक ७० लाख तारे घेतले आणि २००७ मध्ये सांगितलं की आम्हाला एकच धरण्यासारखा सापडला, ८ टक्क्याच्या वर काही नाही. एकच गोदाम, दोन मोजण्या, दोन उत्तरं. त्यातच काही उमेदवार तारे काही वर्षांनी परत उजळले, म्हणजे ते मुळात भिंगाचे नव्हतेच, माचोच्या यादीतला २३ नंबरचा त्यातलाच. आणि आपले कैलाश साहू, भारतातून गेलेले, पुढं हबल अवकाश दुर्बिणीच्या संस्थेत असलेले, त्यांनी १९९४ मध्येच सांगितलं होतं की बाबांनो, भिंग हेलोतच असेल असं कशावरून, मेघातलाच एक तारा मेघातल्याच दुसऱ्या ताऱ्यापुढं येऊ शकतो. माचोची ती दुर्बीण, मूळची १९व्या शतकातली, जानेवारी २००३ च्या वणव्यात जळून गेली. परत मोजायचा प्रश्नच मिटला.

राहिला ओगल. आणि म्हणून या सर्व्हिसला मी एवढे स्टार देतेय, कारण बाकीचे दोघं थांबले आणि हे लोक मोजत राहिले. २००१ ते २०२० अशी जवळपास २० वर्षांची मेघाची सगळी मोजणी एकत्र करून म्रूझ, उदाल्स्की आणि मंडळींनी २०२४ मध्ये हिशेब छापला, नेचरमध्ये. जवळपास ८ कोटी तारे. २० वर्षं. आणि सापडले किती इव्हेंट? १३. वीस वर्षांत तेरा, आणि ते तेराही आकाशगंगेतल्या आणि मेघातल्या ओळखीच्या ताऱ्यांनी भागतात.

आता १३ हा आकडा नुसता ऐकला तर बरं वाटतं, काहीतरी सापडलं की. पण त्याच्या शेजारी काय यायला पाहिजे होतं ते ठेवा. सगळं डार्क मॅटर जर १० सूर्यांच्या वजनाच्या ब्लॅक होलांचं असतं तर २५८ इव्हेंट दिसायला हवे होते, १०० सूर्यांची असती तर ९९, अगदी १००० सूर्यांची असती तरी २७. त्यामुळं निकाल असा की साधारण गुरूच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या वजनापासून सहा सूर्यांपर्यंतच्या वस्तू डार्क मॅटरच्या एक टक्क्याच्या वर असूच शकत नाहीत, आणि पृथ्वीच्या चार-पाचपट वजनापासून ८६० सूर्यांपर्यंत पकडलं तर १० टक्क्याच्या वर नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोनं, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रानं, तीसेक सूर्यांच्या ब्लॅक होलांची टक्कर ऐकली तेव्हापासून बरेच जण म्हणत होते की हीच ती आद्य, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीलाच बनलेली ब्लॅक होलं, हेच डार्क मॅटर. (तसलंच एक लायगो आपल्या हिंगोलीत औंढ्याजवळ होणार आहे, त्याची वाट बघतेय मी.) तर त्या म्हणण्याला या १३ नं चांगलाच खो घातलाय. अगदी लघुग्रहाएवढ्या वजनाची चिमुकली ब्लॅक होलं अजून हिशेबातून सुटलेली आहेत, त्यांचं भिंग एवढं बारीक की मागच्या ताऱ्याची थाळीच त्यापेक्षा मोठी पडते, ते या पद्धतीच्या हातात नाही. पण दादानं लेझर फिरवत सांगितली ती ब्लॅक होलं? नाहीत. मोजून झालंय.

म्हणजे बघा, जे मागवलं ते पार्सल रिकामं निघालं. पण रिकामं आहे हे सिद्ध करायला ८ कोटी ताऱ्यांच्या पावत्या सोबत जोडल्यात. माझ्या धंद्यात "निल रिटर्न" ला सुद्धा सही-शिक्का लागतो आणि भरलं नाही तर दंड बसतो, त्यामुळं मला यात काहीच विचित्र वाटलं नाही. भाच्याला मात्र वाटलं. "एवढं करून काहीच नाही सापडलं?" असं तोंड पाडून म्हणाला.

तर त्याच्यासाठी सांगते, आणि तुमच्यासाठी पण, डार्क मॅटरच्या नावाखाली बाकी मिळालं ते थोडं नाही. मायक्रोलेन्सिंगनं सापडलेला पहिला परग्रह ओगल आणि न्यूझीलंडमधल्या जपानी-किवी मोआ प्रकल्पाच्या २००३ च्या इव्हेंटमधून आला. ग्रह असला की त्या गुळगुळीत डोंगरावर एक छोटं टेंगूळ येतं. २०१६ चा एक इव्हेंट तर असा की त्याचा टाऊ ४१ मिनिटं, बहुतेक एकटाच भटकणारा ग्रह, जवळपास कुठला तारा सापडला नाही. आणि सगळ्यात भारी, २०११ च्या बल्जच्या यादीतला ०४६२ नंबर. त्याचा टाऊ साधारण २७० दिवस. त्याच साहूंच्या टीमनं हबलनं सहा वर्षं तो तारा बघितला, भिंगामुळं त्याची जागा अगदी कणभर सरकली ती मोजली, आणि २०२२ मध्ये सांगितलं की भिंग म्हणजे एकटंच फिरणारं ब्लॅक होल, सात सूर्यांचं, साधारण ५ हजार प्रकाशवर्षांवर. दुसऱ्या टीमनं आधी वजन कमी काढलं होतं, न्यूट्रॉन तारा पण असू शकेल म्हणाले, मग आकडे परत तपासल्यावर ते पण त्याच बाजूला आले. म्हणजे अंधारात एकटं हिंडणारं ब्लॅक होल आहेच, फक्त हेलो भरेल एवढी त्यांची जत्रा नाहीये. हा ०४६२ यादीत तुम्ही आत्ता उघडून बघू शकता, बाकी शेकडो ओळींच्या मधे एक ओळ, ना ठळक अक्षर ना काही. मला तर त्यावर एखादा हार घालावासा वाटतो.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं की लोक म्हणतात पैसे घेतले. समजावून सांगणं शून्य. नवीन माणूस पहिल्या पानावरूनच पळून जाईल. वेळा सगळ्या जागतिक वेळेत, साडेपाच तास आपण मिळवायचे. मार्च २०२० ते ऑगस्ट २०२२ दुर्बीण कोविडमुळं बंद होती, त्यांचा दोष नाही, पण नेमकं त्या काळात जर एखादं लांबलचक, दोन-तीन वर्षांचं शिखर येऊन गेलं असेल तर गेलंच ते. आणि बल्ज दर वर्षी काही महिने सूर्याच्या मागं जातो, त्या दिवसांत यादी थंड.

दुसरी गोष्ट, घरून दुर्बिणीतून हे बघायची आशा ठेवू नका. बहुतेक तारे एवढे मंद की माझ्या मैत्रिणीच्या आठ इंचीमधून काही कळत नाही. मॅजेलॅनचा मेघ तर पुण्या-सांगलीहून क्षितिजाच्या जेमतेम दोन-तीन अंश वर येतो, म्हणजे समोरच्या उसाच्याच मागं. आणि धनू रास छान वर येते कधी, तर आषाढ-श्रावणात, म्हणजे आपल्याकडे चार महिने गोधडी घालून बसलेलं आकाश. उघड्या डोळ्यांच्या जवळपास आलेला इव्हेंट म्हणजे २००६ चा, जपानच्या टागो नावाच्या हौशी निरीक्षकांनी पकडलेला, शर्मिष्ठेत, ११.४ प्रतीचा तारा ७.५ पर्यंत चढला, साध्या बायनाक्युलरमधून दिसला असता. आम्ही तेव्हा एकता कपूरच्या सिरियली बघत होतो.

पर्याय आहेत का, तर आहेत. मोआची यादी आहे, कोरियन लोकांच्या तीन दुर्बिणी चिली, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात आहेत, एका ठिकाणी उजाडलं की दुसऱ्या ठिकाणी रात्र, त्यामुळं त्यांच्या आलेखात दिवसाची भगदाडं कमी. ग्रह शोधायला ते बरे. पण जुना, सलग, एकाच मापानं मोजलेला हिशेब पाहिजे असेल तर ओगलच. अर्धा स्टार कापलाय तो मोबाईलच्या टेबलासाठी आणि रकान्यांना नावं न देण्यासाठी, एवढं तरी करा हो.

कॅम्पवाल्या दादाला मी तो १३ विरुद्ध २५८ चा स्क्रीनशॉट पाठवला होता. त्यानं अंगठा पाठवला. पुढच्या कॅम्पच्या पोस्टरवर बघितलं तर "डार्क मॅटर म्हणजे काय?" असं प्रश्नचिन्ह टाकलेलं होतं, आधी नव्हतं ते. किंमत मात्र २००० झालीय.

सध्या या सीझनमधला एक इव्हेंट मी रोज बघतेय, टाऊ ऐंशीच्या पुढं, चढ अजून चालू आहे, रोज एखादा-दुसरा ठिपका वाढतो आणि माझं सॉल्व्हर रोज शिखराची तारीख इकडं तिकडं करतं. काल रात्री ती २० वर येऊन थांबलीय. जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायची शेवटची तारीख पण २० च आहे आणि अकरा क्लायंट अजून बिलं घेऊन आलेले नाहीत.